घट किती?

बापू निकमांच्या घरी हात धुवायचे असतील तर ते घमेल्यात धुवावे लागतात. बेसिन आहे, नळाला पाणीही आहे, पण बेसिनच्या भोकात बापूंनी कापडाचा बोळा कोंबून ठेवलाय. घमेल्यातलं पाणी मोरीतल्या पिंपात जातं आणि आठवडाभर तिथं निवळत पडतं. रविवारी सकाळी बापू वरचं पाणी कढीपत्त्याला घालतात आणि तळाचा गाळ बोटांनी चाचपून बघतात. गाळात काय असणार? अंगणातली माती आणि साबण. तरी बापू मन लावून बघतात आणि "आज काय न्हाई" म्हणून उठतात, जणू गेल्या रविवारी काहीतरी होतं.

बापू गलाईवाले. आमच्या विट्याच्या आसपासची कितीतरी घरं या धंद्यावर उभी आहेत. लोकांचं सोनं-चांदी भट्टीत गाळायचं, शुद्ध करून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. त्यासाठी इथली पोरं मिसरूड फुटायच्या आत मुलूख सोडतात आणि जिथं सराफकट्टा असेल तिथं जाऊन बसतात. बापू तमिळनाडूत सेलमला बसले ते केस पांढरे होईपर्यंत. या धंद्यात दुकानातला केर, हात धुतलेलं पाणी, पायपुसणं, अंगातला फाटका सदरासुद्धा टाकून देत नाहीत. सगळं जाळून, गाळून त्यात अडकलेला कण परत मिळवतात. बापू गावी परतले तेव्हा भट्टी तिकडेच राहिली, सवय मात्र सामानाबरोबर आली.

मी त्यांचा शेजारी. मूळचा औंधचा, हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला. आमच्या दोघांच्या ओसऱ्यांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि तिच्यावरून बापू मला दिवसातून पाच-सात वेळा "आवं मास्तर" म्हणून हाक मारतात. उठून गेल्याशिवाय हाक थांबत नाही.

सोनं वितळवताना वजनात जी तूट येते तिला घट म्हणतात. "घट किती?" हा बापूंच्या तोंडी बसलेला प्रश्न. मी दळण घेऊन आलो की "घट किती?" कुणाच्या लग्नाहून आलो की "वऱ्हाड किती गेलं, जेवून किती आलं, घट किती?" एकदा माझ्या भाच्यानं महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी आणली. वाटीभर बापूंना दिली. त्यांनी प्रत्येक फळाची हिरवी टोपी काढून बाजूला रचली, ढीग निरखला आणि म्हणाले, "फळ ग्वाड हाय, पर घट लय." मग इकडंतिकडं बघून टोप्याही खाल्ल्या.

सुमनवहिनी, म्हणजे बापूंच्या पत्नी, होत्या तोवर हे सगळं हसण्यावारी जायचं. त्या मोठ्या बोलक्या. मुलगा सागर शिकून पोर्तुगालला गेला, तिथं एका कॉम्प्युटर कंपनीत लागला. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. वहिनी तासभर बोलायच्या आणि बापू शेजारी बसून मधेच सूचना करायचे. "इचार, थंडी हाय का." "इचार, पगार झाला का." फोन त्यांच्या हातात दिला की मात्र चटका बसल्यासारखा वहिनींकडे परत. "तूच बोल. मी हाय हितंच."

वहिनी गेल्यावर हा फोन बापूंना स्वतः घ्यावा लागला. फोन स्पीकरवर असायचा, भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं.

"जेवलात का, बापू?"

"व्हय."

"गोळी घेतली?"

"घेटली."

"बाकी?"

"बाकी काय न्हाई."

मग दोघंही गप्प. इतके गप्प, की मला इकडं खाकरावंसं वाटायचं. शेवटी सागर म्हणायचा, "ठेवू?" आणि बापू म्हणायचे, "ठेव." हळूहळू फोन पंधरवड्यावर गेला, मग महिन्यावर. यात सागरचा दोष मी धरत नाही. ज्या घरात बापानं जन्म परमुलखात काढला आणि फोन म्हणजे निरोप सांगायची वस्तू समजली, तिथं पोराला तरी गप्पा मारायला कुणी शिकवायचं?

आईच्या वर्षश्राद्धाला सागर आला आणि बापूंच्या फोनमध्ये एक पाकीट बसवून गेला. पाकीट म्हणजे अ‍ॅप. त्याच्या कंपनीत पगाराचा काही भाग डिजिटल नाण्यांत मिळतो. ही नाणी हातात धरता येत नाहीत, नुसते आकडे असतात, पण जगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातात. त्यातली थोडी दर महिन्याला बापूंना पाठवायची असं सागरनं ठरवलं. ते शिकवायला बापलेक तीन दिवस ओसरीवर खेटून बसले होते. माझ्या आठवणीत ते दोघं एवढं कधी बोलले नव्हते. बापू दर दोन मिनिटांनी विचारत होते, "आन ही कळ दाबली की?" सागर न कंटाळता सांगत होता.

पाकीट हरवलं तर परत मिळवायला बारा इंग्रजी शब्द पाठ ठेवावे लागतात. कुणालाही सांगायचे नाहीत, असं सागरनं बजावलं होतं. बापूंनी ते पाठ केले आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना खड्या आवाजात म्हणायला सुरुवात केली. डाँकी, अनियन, अम्ब्रेला. समोरच्या आक्कांना ते तमिळ स्तोत्र वाटतं आणि त्या तिकडून हात जोडतात. मला बाराही शब्द पाठ आहेत. बापूंची सगळी पुंजी माझ्या जिभेवर आहे आणि त्यांना त्याचा पत्ता नाही.

धंद्यातला जुना दंडक असा, की माल एका जागी ठेवायचा नाही. म्हणून बापूंनी सागरकडून जुन्या फोनमध्ये दुसरं पाकीट काढून घेतलं होतं. त्याला ते तिजोरी म्हणतात. महिन्याची नाणी आली की ती नव्या फोनमधून तिजोरीत हलवायची. पहिल्यांदा हलवली आणि भिंतीवरून हाक आली.

"आवं मास्तर! घट आली!"

नाणं इकडून तिकडं हलवायची फी पडत होती. बरं, ज्या नाण्यात पैसे आहेत त्याच नाण्यात फी घेतील तर ते अ‍ॅप कसलं? फीसाठी वेगळ्याच जातीचं नाणं पदरी असावं लागतं. ते नसेल तर तुमची लाखाची पुंजी समोर दिसते, पण तसूभर हलत नाही. या फीला तिकडं गॅस म्हणतात. हे नाव मात्र बापूंना पटलं, भट्टी म्हटली की गॅस लागणारच. बाकी काहीच पटलं नाही.

"म्हंजी सोनं गाळायला आनायचं आन मजुरी चांदीत मागायची?" ते म्हणाले. "ही कुठली रीत? आन मास्तर, गर्दी असली की फी वाढती म्हनं. भट्टीवर गर्दी झाली म्हनून मी मजुरी वाढवली असती तर गिऱ्हाइकानं मलाच मुशीत घातलं असतं."

तिथून माझ्या इंग्रजीला पुन्हा काम लागलं. अ‍ॅपमध्ये तक्रार लिहायला एक चौकट असते. बापू सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचो. "लिवा. आमी जलमभर लोकांचं सोनं गाळलं. मजुरी आधी सांगितली. घट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तोलून दावली. तुमी घेताय ती घट कुठं जाती, ती दावा. फी बंद करावी ही इनंती. खाली लिवा, बापू निकम, गलाईवाले, सेलम." अ‍ॅपच्या कंपनीचं उत्तर लगेच यायचं, आणि नेहमी तेच असायचं. प्रिय ग्राहक, आपली अडचण आम्हाला समजते. मी मराठीत सांगितलं की बापू भडकायचे. "समजती तर घेतायसा कशाला?"

अशा तक्रारी मी किती लिहिल्या त्याचा हिशेब नाही. इंग्रजीत एकच गोष्ट किती तऱ्हेनं सांगता येते हे मला नोकरीत असताना कळलं नव्हतं, ते बापूंनी शिकवलं.

फीचं नाणं सागरकडून मागवायला लागायचं. त्यासाठी रविवारी दुपारी बापू स्वतःहून फोन करू लागले. स्वतःहून! पहिलं वाक्य ठरलेलं. "आरं, फी संपली." मग सागर फीचा त्या वेळचा भाव बघायचा. पाठवताना त्याला झटपट आणि सावकाश असे दोन पर्याय मिळायचे. झटपटला जास्त पडायचे. बापूंचा हुकूम कायम एकच असायचा. "सावकाश पाठीव. घाई न्हाई." सावकाश म्हणजे कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. तोवर फोन चालूच.

आणि वाट बघता बघता माणूस बोलतोच. सागर सांगायचा की आज आमटी केली, पण पातळ झाली. बापू सांगायचे की डाळीच्या पाण्यात, येळवणीत, चिंच आधी टाकलीस का, मग ती अशीच हुनार. सागर विचारायचा, कढीपत्ता फुटला का. बापू त्याला सेलमच्या जुन्या गोष्टी सांगायचे, सराफाच्या, मालकाच्या, दुकानात शिरलेल्या माकडाच्या. मी भिंतीअलीकडं पेपर धरून बसायचो. पान उलटायचं राहून जायचं.

मधेच टुंग करून वाजायचं.

"पोचली," बापू म्हणायचे, जरा हिरमुसून. "ठेव मग."

मला एक गोष्ट उमगत नव्हती. महिन्यातून एकदा नाणी हलवायची, तर दर आठवड्याला फी संपते कशी? आणि सागर वर्षाची फी एकदम का पाठवत नाही? मी बापूंना विचारलं. ते म्हणाले, "मीच नको म्हनलोय. त्या नाण्याचा भाव पडतोय. जादा धरून ठिवू ने." धंद्यातला माणूस म्हणतोय म्हणून मी गप्प बसलो.

मग एका शनिवारी दुपारी मी त्यांची चाळणी परत द्यायला गेलो. बापू ओसरीवर दोन्ही फोन मांडीवर घेऊन बसले होते. नव्यातून जुन्यात एक नाणं पाठवत होते. ते पोचलं की जुन्यातून नव्यात. पुन्हा नव्यातून जुन्यात. दर खेपेला फी कटत होती.

मी ओरडलोच. "बापू, अहो काय करताय? सगळी फी फुकट चाललीय!"

केरातला कण न सोडणारा माणूस. त्यानं मान वर केली नाही.

"चालू दे," ते म्हणाले. "भट्टी थंड ठिवू ने. हाताची सवय मोडती."

मी चाळणी ठेवली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, की बापूंना म्हातारचळ लागला. ती भाजी निवडत होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "उद्या रविवार आहे ना?" मला वाटलं, बाजाराचं विचारतेय. मी हो म्हणालो.

यानंतर काही दिवसांनी अ‍ॅपच्या कंपनीची घोषणा आली. ग्राहकांची कटकट संपवण्यासाठी यापुढे फी कंपनी स्वतः भरणार. वेगळं नाणं बाळगायची गरज नाही, झटपट आणि सावकाश हा भेद नाही, कळ दाबली की नाणं पोचलं. अ‍ॅप आपोआप नवीन झालं. मी ते वाचलं आणि मला वाटलं, माझ्या इंग्रजीचा जगात कुठंतरी उपयोग झाला. सुदैवानं मुलगी साताऱ्याहून आदल्या दिवशीच कंदी पेढे घेऊन आली होती. तो पुडा घेऊन मी भिंत ओलांडून गेलो.

"बापू, जिंकलात! फी बंद!"

त्यांनी चष्मा लावून पडद्याकडं बघितलं. मी सगळं समजावून सांगितलं. कळ दाबून एक नाणं तिजोरीत धाडूनही दाखवलं. श्वास घ्यायच्या आत टुंग झालं.

"घट?" बापूंनी विचारलं.

"शून्य!"

"म्हंजी सागरला आता काय मागायला नको."

"काहीसुद्धा नको. सुटलात तुम्ही."

"बरं झालं," ते म्हणाले. पेढ्याचा एक कोपरा त्यांनी मोडला, बाकीचा पेढा पुड्यावर ठेवला आणि घमेल्यात हात धुवायला गेले. बापूंनी खायची गोष्ट अर्धी टाकलेली मी पहिल्यांदा बघितली.

त्या रविवारी दुपारी ओसरीवरून आवाज आला नाही. मी सवयीनं पेपर घेऊन बसलो होतो. डोकावून बघितलं तर बापू खुर्चीत बसलेले, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. फोन समोर स्टुलावर. सागरचा निरोप तेवढा येऊन पडला होता. त्यांनी तो मला वाचायला दिला. 'बापू, फी बंद झाली, बघितलंत का? आता तुम्हाला त्रास नाही.' खाली अंगठ्याचं चित्र.

"चांगलं पोरगं हाय," बापू म्हणाले. "ध्यान ठिवतंय."

पुढच्या रविवारी तेच. सदरा, खुर्ची, स्टूल, फोन. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. सकाळी पिंपातला गाळ त्यांनी चाचपला नाही, तसाच कढीपत्त्याला ओतला. "आज काय न्हाई" हेही म्हणाले नाहीत. एवढी वर्षं ज्या वाक्याला मी हसत होतो, ते ऐकायला मी भिंतीपाशी थांबलो होतो, आणि ते आलं नाही. बायकोनं उद्या रविवार आहे ना असं का विचारलं होतं, तेही तिथं उभा असतानाच कळलं. एवढं इंग्रजी शिकवलेला माणूस, पण कधी कधी डोक्यात प्रकाश पडायला फार वेळ लागतो.

दुपारी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

"करा की फोन तुम्हीच," मी म्हणालो.

"काय म्हनून करू?"

"सहज. कसा आहेस म्हणावं."

"मास्तर, आमी परमुलखात काम असंल तवाच फोन केला. काम झालं की ठेवला. बिगरकामाचं बोलनं सुमनचं हुतं. ती गेली. आता मी फोन करून इचारलं, कसा हायस, तर त्यो म्हननार, बरा हाय. म्होरं?"

मी स्टूल त्यांच्याकडं जरा सरकवलं.

"आन त्यो तिकडं कामात असतोय," ते म्हणाले. "त्याला वाटायचं, म्हातारं आजारी पडलं का काय. कशाला घोर लावा?"

"मग तो का नाही करत?"

"त्याला तरी काय काम हाय आता?" बापू म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

समोरच्या आक्कांच्या दारात कुणीतरी पाहुणे आले. चपला काढल्याचे, हसल्याचे आवाज आले. बापू तिकडं बघत होते. मग एकदम त्यांनी स्टुलावरचा फोन उचलला आणि माझ्या हातात दिला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज जुन्यासारखा चढला.

"मास्तर, तक्रार लिवा."

"कुणाला?"

"कंपनीला. अजून कुनाला? लिवा, फी बंद केली ती गैरसोय झाली. परत चालू करावी ही इनंती."

मला आधी हसू आलं. मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मी चौकट उघडली. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. फी बंद केल्यानं गैरसोय झाली. परत चालू करावी ही विनंती.

"कारण लिहावं लागेल, बापू," मी म्हणालो. "कारण काय लिहू?"

बापू सदऱ्याचं बटण चाचपत राहिले. पाहुणे आत गेले होते, आक्कांचं दार लागलं होतं.

"लिवा," ते म्हणाले, "फी हुती तवा पोरगं बोलत हुतं."

मी लिहिलं. हे वाक्य मी इंग्रजीत घातलं नाही. मराठीतच लिहिलं आणि बापूंना दाखवलं. त्यांनी एकेक शब्दावर बोट ठेवत ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. मी पाठवायची कळ दाबणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"थांबा. खाली आजून एक लिवा," ते म्हणाले. "फी कितीबी लावा म्हनावं. आमी भरतो."